कांद्यापासून मित्राच्या चेहऱ्यापर्यंत: पेन्सिलीच्या कंटूर रेषा

मित्राचा चेहरा काढायला बसायच्या आधी स्वयंपाकघरातून एक कांदा घेऊन या. मध्यम आकाराचा, वरचं साल शाबूत असलेला. नाशिकात कांद्यासाठी कुणाला लांब जावं लागत नाही. देठ वर करून तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. मुळाकडून निघालेल्या बारीक शिरा सालावरून देठाकडे चढत जातात. अगदी समोरची शीर जवळजवळ सरळ असते. तिच्या शेजारच्या जरा बाक घेतात, आणि कडेच्या तर धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. कडेकडे जाताना त्यांच्यातलं अंतरही कमी कमी होत जातं. आता सावली, रंग, चकाकी सगळं बाजूला ठेवून फक्त त्या शिरा कागदावर काढा. आठ-दहा पुरेत. शेडिंगचा एक फटकाराही न मारता कांदा गोल दिसायला लागेल.

या शिरा म्हणजेच कंटूर रेषा. बाह्यरेषा, म्हणजे आपण जिला आउटलाइन म्हणतो ती, वस्तू कुठे संपते तेवढं सांगते. कंटूर रेषा वस्तूच्या अंगावरून चालत जाते आणि कुठे चढ आहे, कुठे उतार आहे, कुठे खळगा आहे ते सांगते. शाळेत भूगोलाच्या नकाशात समोच्च रेषा शिकलो होतो, त्यांच्याच कुळातली ही. त्र्यंबकच्या बाजूला जाताना काही डोंगरउतारांवर पाणी अडवण्यासाठी खणलेले सलग समतल चर दिसतात. लांबून त्या ओळींकडे पाहा: डोंगराचा फुगवटा आला की ओळ बाहेर वळते, घळ आली की आत शिरते. मित्राच्या गालावर आपल्याला पेन्सिलीने हेच चर खणायचे आहेत.

माझ्यासारख्या अनेकांनी चित्रकला शिकली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी. तिथे हाताला एक सवय लागते: आधी घट्ट आउटलाइन, मग आत शेडिंग. स्थिरचित्रातल्या तांब्याला ते चालून जातं, चेहऱ्याला नाही. माझ्या शाळासोबत्याचं पहिलं चित्र मी असंच काढलं होतं. नाक, डोळे, ओठ सगळं मोजून बसवलेलं, बोटाने घासून सावलीही दिलेली, आणि तरी तो चेहरा पोळीवर काढल्यासारखा सपाट. वर्षभर मला वाटत होतं की माझं शेडिंग कच्चं आहे. कच्ची होती ती रेषा. गालाचं हाड कुठे वळतं हे मी पाहिलंच नव्हतं, मग सावली टाकणार कशावर?

सामान

थोडंच लागतं. एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली, कार्ट्रिज पेपर म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, मागे धरायला पॅड किंवा बोर्ड, साधं खोडरबर आणि मिळालं तर कणकेसारखं मळता येणारं राखाडी रबर. नाशिकात कॉलेज रोडला किंवा शालिमारच्या बाजूला ड्रॉइंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात हे सगळं मिळतं. शिसपेन्सिल म्हणतो खरं, पण तिच्यात शिसं अजिबात नसतं. असतं ग्राफाइट आणि माती. दोन्ही मिसळून, भाजून कांडी करायची पद्धत फ्रान्सच्या कोंते यांनी १७९५ साली काढली, आणि माती किती, ग्राफाइट किती यावरच आजही पेन्सिलीचा कडकपणा ठरतो. एच म्हणजे माती जास्त, रेषा कडक आणि फिकी. बी म्हणजे ग्राफाइट जास्त, रेषा मऊ आणि काळी.

आराखड्याला एचबी, बहुतेक सगळ्या चेहऱ्याला २बी, आणि मोजक्या चार-पाच जागांना ४बी. सुरुवातीला ६बी, ८बीच्या नादी लागू नका. दाबून लावलं की ग्राफाइट चमकतं, आणि जी जागा सगळ्यात काळी दिसायला हवी तीच उजेडात पांढरी दिसते. टोक शार्पनरने न काढता ब्लेडने लांब काढा, म्हणजे कांडी बोटाच्या पेराएवढी उघडी राहील. अशी पेन्सिल आडवी धरली की रुंद, मऊ रेषा येते आणि उभी धरली की केसासारखी बारीक. कंटूर रेषेला हे दोन्ही लागतं.

कागद ए३ घ्या. त्यावर एक डोकं १० ते १२ सेंटिमीटर उंच काढता येतं आणि आडव्या कागदावर तीन मित्र आरामात बसतात. डोकं पाच सेंटिमीटरांचं झालं की डोळा तांदळाच्या दाण्याएवढा होतो आणि त्यात वळण दाखवायला जागाच उरत नाही. पावसाळ्यात मात्र सांभाळा. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात कागद दमट होतो, खोडलं की त्याचे तंतू उभे राहतात आणि त्या जागी रेषा फाटल्यासारखी येते. ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा.

मित्राला कुठे बसवायचं

खिडकीच्या बाजूला, उजेड एकाच बाजूने येईल असं. उत्तरेची खिडकी असेल तर फार उत्तम, कारण तिथे ऊन सहसा थेट येत नाही आणि तासाभरात सावल्या पळत नाहीत. ट्यूबलाइट बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की चेहऱ्यावरचे चढउतार एकमेकांना पुसून टाकतात.

आमची बैठक रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाल्यावर असते. पोट भरलेला माणूस वीस मिनिटं शांत बसतो, उपाशी माणूस पाच मिनिटांत चुळबुळ करायला लागतो. वीस मिनिटांनी उठू द्या, पाय मोकळे करू द्या. उठायच्या आधी खुर्चीचे पाय जमिनीवर खडूने आखून ठेवा.

फोटोवरून काढणार असाल तर दोन गोष्टी पाळा. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेऊ नका. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन मीटर मागे सरका आणि झूम करा. आणि चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद ठेवा. आपल्याला हवे असलेले चढउतार तो नेमके पुसून टाकतो.

हात मोकळा करायला: कागदाकडे न बघता

याला ब्लाइंड कंटूर म्हणतात. पेन्सिल कागदावर टेकवा आणि मित्राच्या कपाळाच्या कडेवर नजर ठेवा. आता नजर मुंगीच्या चालीने पुढे न्या आणि त्याच चालीने पेन्सिल सरकू द्या. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. कपाळावरून भुवईच्या खळग्यात, तिथून नाकावर, नाकपुडीला वळसा घालून ओठावर. पाच मिनिटं. जे कागदावर येईल ते वेडंवाकडंच येणार, ते यायलाच हवं. एका बैठकीत अशी तीन चित्रं काढा आणि मगच खऱ्या चित्राला हात घाला. यातून नजर आणि हात एका वेगाने चालायला शिकतात. नाहीतर आपण एकदा बघतो आणि पुढच्या दहा रेषा आठवणीतून मारतो, आणि आठवणीतला डोळा सगळ्यांचा एकसारखाच असतो.

आराखडा

एचबीने, कागदाला जेमतेम लागेल इतक्या हलक्या हाताने. डोक्याची उंची आणि रुंदी हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजा. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. नवीन माणूस ते हमखास वर काढतो, कारण केसांखालचं डोकं त्याने हिशेबात धरलेलं नसतं. भुवई आणि हनुवटीच्या मध्यावर नाकाचं टोक संपतं. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याची जागा असते. ही सगळी मापं ढोबळ आहेत, आणि तुमचा मित्र जिथे या मापांपासून हटतो तिथेच तो ‘तो’ असतो. म्हणून माप घ्या, पण शेवटी समोर दिसतं तेच काढा.

यानंतर काढायची रेषा सगळ्यात महत्त्वाची: मध्यरेषा. केसांच्या सुरुवातीपासून, कपाळावरून, दोन भुवयांच्या मधून, नाकाच्या दांड्यावरून, वरच्या ओठाच्या पन्हाळीतून हनुवटीपर्यंत. समोरून पाहिलं तर ती सरळ असते. मित्राने मान जरा वळवली की ती पलीकडच्या गालाकडे फुगते, आणि नाकापाशी तर चांगलीच बाहेर येते. ही एक रेषा नीट बसली की अर्धा चेहरा जागेवर आला.

आडव्या रेषा

आता कांद्याऐवजी स्टीलचा पेला घ्या आणि त्याला दोन रबरबँड लावा. पेला डोळ्यांच्या वर धरा: रबरबँड कमानीसारखा वर वळलेला दिसेल. डोळ्यांच्या खाली आणा: झोळीसारखा खाली वळलेला दिसेल. डोळ्यांच्या रेषेत आणला की सरळ. डोक्याचंही तसंच. मित्राने मान वर केली तर भुवया, डोळे आणि ओठ यांच्या रेषा कमानी होतात आणि कान डोळ्यांच्या मानाने खाली उतरतात. मान खाली घातली तर सगळ्या रेषा झोळ्या होतात आणि कान वर चढतात. मित्र फोनमध्ये डोकं घालून बसलेला असेल तर त्याला हाक मारू नका. झोळ्यांचा सराव करायला याहून चांगली बैठक मिळणार नाही.

यानंतर चेहऱ्यावर साधारण सहा आडव्या रेषा काढा, अगदी फिक्या. प्रत्येक रेषा एका कानाकडून निघून दुसऱ्या कानाकडे जाते आणि वाटेत जे लागेल त्यावरून चढते-उतरते.

कपाळावरची सोपी आहे, उपड्या कढईवरून दोरा टाकल्यासारखी. कडेला कानशिलापाशी ती एकदम वळते, तिथे कोपरा आहे. पुष्कळ जण कपाळ चेंडूसारखं गोल काढतात, पण त्याला समोरची एक बाजू आणि दोन कडेच्या बाजू असतात.

डोळ्यांवरची रेषा सगळ्यात अवघड. ती कानशिलावरून खोबणीत उतरते, मग पापणीवर चढते, कारण पापणीखाली बुबुळाचा गोळा आहे. पुन्हा आतल्या कोपऱ्यात उतरते आणि नाकाच्या दांड्यावर चढते. आमच्यातला एक जण लहानपणापासून चष्मा लावतो. चित्रासाठी त्याने चष्मा काढला तेव्हा मला नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान खळगे दिसले. चष्म्याच्या टेकूंनी इतक्या वर्षांत पाडलेले, कडेला किंचित गुलाबी. पंधरा वर्षांच्या ओळखीत मी ते कधी पाहिले नव्हते. रेषा तिथून नेताना एक बारीकसा हिसका द्यावा लागला, आधी खाली, मग वर. तो हिसका कागदावर आला आणि चित्र त्याचं झालं. बाकी नाक अजून पुरं व्हायचं होतं.

गालावरची रेषा कानापासून निघते, हाडावर चढते, आणि तिथून नाकपुडीकडे घसरते. मित्र हसत असेल तर गाल वर सरकून लिंबाएवढा गोळा होतो, रेषा त्या लिंबावरून जाते, आणि डोळ्याखालची पापणी वर ढकलली जाते. हसणारा चेहरा काढताना नुसते ओठ ताणले आणि ही पापणी तशीच ठेवली तर हसू खोटं दिसतं.

ओठ सपाट भिंतीवर नसतात. त्यांच्यामागे दातांची कमान आहे, घोड्याच्या नालेसारखी. ओठांवरची रेषा त्या कमानीवरून वळते, त्यामुळे ओठांचे कोपरे मध्यापेक्षा मागे असतात. अर्धवट वळलेल्या चेहऱ्यात पलीकडचा अर्धा ओठ चांगलाच आखूड दिसतो. त्याला बळेच लांब करू नका. हनुवटी हा वेगळा छोटा गोळा. मान हा कलता नळा: सरळ वर जाणारा नाही, मागून पुढे येणारा.

शरीरावर काही कंटूर रेषा आयत्या मिळतात. मनगटावरची बांगडी, घड्याळाचा पट्टा, टी-शर्टचा गळा, टोपीची कड, चष्म्याची दांडी, ओढणीचा काठ. या जागा मन लावून काढा. बांगडी नीट वळली की मनगट गोल दिसण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. उलट गळ्याची पट्टी सरळ रेघ मारून काढली तर चांगला जमलेला चेहराही पुठ्ठ्यावर ठेवल्यासारखा दिसतो.

कुठे दाबायचं, कुठे सोडायचं

आता २बी. रेषा एकाच जाडीची ठेवली तर ती तारेसारखी दिसते. जिथे एक भाग दुसऱ्याच्या पुढे येतो किंवा जिथे उजेड पोचत नाही तिथे दाब वाढवा: हनुवटीखाली, नाकपुडीच्या आत, वरच्या पापणीच्या कडेला, दोन ओठांच्या मध्ये, कानाच्या मागे. ४बी लागते ती इथेच. उजेडाच्या बाजूला दाब कमी करत न्या, आणि कपाळावर किंवा गालावर उजेड थेट पडत असेल तर रेषा चक्क सोडून द्या. दोन बोटं पुढे पुन्हा उचला. बघणाऱ्याचा डोळा मधली जागा आपण होऊन भरतो. हे सोडणं हाताला सगळ्यात उशिरा जमतं, कारण रेषा पुरी करायची ओढ फार असते.

शेडिंग करायचंच असेल तर आडव्या कंटूर रेषांच्याच दिशेने बारीक रेघा घाला. गालाच्या रेघा गालावरून वळू द्या, मानेच्या मानेभोवती. बोटाने घासू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं, मग तो डाग खोडलाही जात नाही आणि घासून तुमचीच वळणं पुसली जातात. हाताखाली एक कोरा कागद ठेवा. दाढी आणि केस एकेक करून काढायच्या भानगडीत पडू नका. दाढी जबड्याच्या वळणावर बसलेली असते, केस कवटीच्या. त्या वळणावर थोड्या रेघा, कडेला दोन-चार सुटे केस, बास.

आंग्र या फ्रेंच चित्रकाराची पेन्सिलीची व्यक्तिचित्रं नेटवर शोधून जरूर बघा. १८१५ नंतर रोममध्ये पैशांची ओढाताण असताना त्याने तिथे येणाऱ्या प्रवाशांची अशी चित्रं काढून घर चालवलं, आणि स्वतःच्या मित्रांचीही काढली. चेहरा बारकाईने उठवलेला आणि कपडे मात्र मोजक्या, वाहत्या रेषांत सोडलेले. बाहीची एक रेषा किती ठिकाणी जाड-बारीक होते ते मोजा. एखादं चित्र स्वतःच्या हाताने उतरवून काढा. तासाभरात जे कळेल ते मला इथे लिहून सांगता येणार नाही.

दोघं-तिघं एका कागदावर

एकेकटे चेहरे जमायला लागले की मित्रांना एकत्र बसवा. गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, घाटाच्या पायऱ्यांवर बसवलं तर एक फायदा होतो: पायऱ्यांच्या आडव्या रेषा मागे तयार असतात, त्यामुळे कोण किती वर, कोण किती खाली हे लगेच ताडता येतं. सकाळी लवकर जा, उजेड तिरपा असतो आणि वर्दळही कमी.

सगळे तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असू द्या. एक जण एका मीटरवर आणि दुसरा दोन मीटरांवर असेल तर दुसऱ्याचं डोकं निम्मं दिसतं, आणि ते तसंच काढलं तरी नवख्या हातून ते चुकल्यासारखं वाटतं. आधी तिन्ही डोक्यांच्या मध्यरेषा काढा, नुसत्या तीन तिरक्या फिक्या रेघा. कोण कुणाकडे झुकलंय हे त्यातच दिसतं. मैत्री कागदावर दिसते ती बहुतेक या झुकण्यातून, म्हणून इथे घाई करू नका. रेघा पटल्या नाहीत तर खोडून पुन्हा काढा, तेव्हाच ते सोपं असतं.

मग दोन चेहऱ्यांमधल्या मोकळ्या जागेचा आकार काढा. एकाचा कान, दुसऱ्याचा गाल, खाली दोघांचे खांदे, यांच्यामध्ये पतंगासारखा किंवा सुरईसारखा एक तुकडा उरतो. तो बरोबर आला की दोन्ही चेहरे आपोआप बरोबर अंतरावर बसतात.

जिथे एकाचा खांदा दुसऱ्यापुढे येतो तिथे पुढच्याची रेषा सलग आणि गडद ठेवा. मागच्याची रेषा तिला चिकटवू नका, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून आधीच थांबवा. एवढ्या फटीतून हवा खेळते आणि मागचा माणूस मागे जातो. दोन्ही रेषा सारख्या काळ्या करून चिकटवल्या तर दोघं एकाच पुठ्ठ्यातून कापल्यासारखे दिसतात. उजेडाची बाजू तिघांच्याही चेहऱ्यावर एकच आहे ना, हे मधूनमधून तपासा. एका बैठकीत चित्र पुरं करायचा आग्रह धरू नका, वीस-वीस मिनिटांच्या तीन-चार बैठका लागतात.

शेवटची आवराआवर

आराखड्याच्या रेषा घासून काढू नका. मळलेल्या रबराचा गोळा करून वरून टिपा, उचला, पुन्हा टिपा. काही आडव्या रेषा राहू द्या, विशेषतः गालाच्या आणि मानेच्या. त्या हलक्या असतील तर बघणाऱ्याला खटकत नाहीत. फिक्सेटिव्ह, म्हणजे ग्राफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे, मारायचं असेल तर गच्चीत किंवा गॅलरीत, हातभर अंतरावरून, दोन पातळ थर. नाहीतर वर बटर पेपर लावून सपाट फाइलमध्ये ठेवा. गुंडाळी केली की ग्राफाइट घासलं जातं.

फोटो काढून ग्रुपवर टाकायचा असेल तर चित्र खिडकीशेजारी उभं धरा, उजेड बाजूने येऊ द्या. फ्लॅशने ४बीच्या जागा चमकतात. मूळ चित्र मात्र मित्राला देण्याआधी कोपऱ्यात तारीख घाला, आणि देताना त्याला चष्मा काढून आरशात नाकाच्या बाजूचे खळगे बघायला सांगा.